मालक मागून येतायत

आवडाबाईनं परातीत पीठ आपटलं, तेव्हाच ओटीवर बसलेल्या भागोजीनं सावध व्हायला हवं होतं. पण भागोजी विडीच्या धुरात सुखी होता. महिन्यापूर्वी उरणहून कार्ड आलं होतं. त्यांच्या राहीला दुसरा मुलगा झाला होता आणि 'आईंना पाठवून द्या' असं जावयानं लिहिलं होतं. शाळेच्या मास्तरांनी ते कार्ड ओटीवरच वाचून दाखवलं, तेव्हा भागोजी म्हणाला होता, "बघू."

आठ दिवसांनी आवडाबाईनं विचारलं, तेव्हाही तो "बघू"च म्हणाला. मळणी आटोपल्यावर विचारलं, तेव्हा "बघू." पेंढा रचून झाल्यावर विचारलं, तेव्हा त्यानं नुसती मान हलवली आणि त्या मान हलवण्यातही "बघू"च होतं.

"मंग? मी कवा जायाचं?" आज तिनं चुलीपुढूनच विचारलं.

"जाशील की. पन सोबत कोन हाय? मला बांध घालायचेत. चुलतभाऊ बाळाजी, त्यालाबी येळ न्हाय."

"सोबत कशाला पायजे? मी येकटी जाते."

भागोजी हसला. तो हसला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो हसला, ठसका लागेपर्यंत हसला आणि डोळे पुसत म्हणाला, "तू? येकटी? अगं, तळ्याच्या बाजाराला मीठ आनाया गेलीस, तर वाट चुकून मसणवटीत जाऊन बसलीस!"

"त्याला अठरा वर्सं झाली!"

"मसणवट तिथंच हाय अजून."

त्या रात्री घरात भाकरी झाली नाही. आवडाबाईनं एक लुगडं, नातवाचं दुपटं आणि डिंकाच्या लाडवांचा डबा बोचक्यात बांधला, आणि पहाटे तांबडं फुटायला ती तळे गावाची वाट चालू लागली. भागोजीनं घोंगडीतून डोकंही बाहेर काढलं नाही. "येशीपासनं माघारी येशील तवा दार लावून घे," एवढं मात्र तो म्हणाला. हे वाक्य पाठीत घेऊन आवडाबाई दीड कोस चालली. वाटेतल्या प्रत्येक दगडाला तिनं ते ऐकवलं आणि तळ्याला पोचेपर्यंत तिच्याकडे नवऱ्याला देण्यासारखी तेरा उत्तरं तयार झाली होती.

ही सन तेहतीस-चौतीसची गोष्ट. तळ्याहून सर्व्हिस मोटार नागोठण्याला जाई, तिथून दुसरी मोटार धरमतर बंदराला. धरमतरहून लाँच निघे, ती रेवसला थांबून पुढे मुंबईला. रेवसला उतरून होडीनं खाडी ओलांडली की समोर करंजा आणि करंज्याहून पायी उरण. जावयानं कार्डात हे सगळं लिहिलं होतं आणि आवडाबाईला ते तोंडपाठ होतं. वाटेची तिला भीती नव्हती. तिला वाटेवरच्या माणसांची कल्पना नव्हती.

"बाई, सोबत कोण?" तळ्याच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं विचारलं.

"कोन न्हाय."

"कोणीच नाही?"

"कोनीच न्हाय."

ड्रायव्हरनं वाकून तिच्या मागे पाहिलं. बोचक्याआड एखादा नवरा दडला असेल अशी त्याला आशा होती. तो नाही म्हटल्यावर त्यानं तिला दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसवलं. त्यांतल्या एकानं, बाईमाणसानं एकटीनं बाहेर पडल्यामुळे कोणाकोणाचं काय काय झालं, ते नागोठणं येईपर्यंत सांगितलं. त्यांतली एकही बाई धडपणी घरी पोचली नव्हती. पुढच्या बाकावर भागुबाई नावाची एक बाई होती. तिनं मागे वळून, डोळ्यांत पाणी आणून, साऱ्या मोटारीला ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, "दाल्ल्यानं टाकली काय गो तुला?"

"मीच त्याला टाकून आलेय!" आवडाबाई ओरडली. त्यावर मोटारीत जी शांतता पसरली, ती त्या प्रश्नापेक्षा वाईट होती.

म्हणून नागोठण्याला दुसऱ्या मोटारीत चढताना पुन्हा "सोबत कोण?" आलं, तेव्हा ती दात आवळून म्हणाली, "मालक मागून येतायत."

काय जादू झाली! क्लीनरनं तिचं बोचकं स्वतः वर ठेवलं. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारणीनं पान पुढे केलं. अख्ख्या वाटेत कोणी अवाक्षर विचारलं नाही. जो नवरा घरी असून उपयोगाचा नव्हता, तो नसताना इतका कामाला आला, याचा आवडाबाईला आनंद व्हायला हवा होता. तिला उलट जास्तच राग आला.

धरमतरला लाँच धक्क्याला लागलेली होती. तिकीट मास्तर चष्मेवाला, पातळ मिशांचा, अतिशय कर्तव्यदक्ष गृहस्थ होता. आणि माणसाच्या वाट्याची निम्मी संकटं अशाच गृहस्थांच्या हातून येतात.

"रेवस, येक. उरनला जायाचंय."

"एकच? सोबत कोण?"

"मालक मागून येतायत."

"मग दोन घ्या की."

"त्यांचं ते घेतील."

मास्तरनं तिकीट फाडून दिलं आणि आवडाबाई लाँचीच्या मागच्या भागात, बायकांमध्ये जाऊन बसली. भरती भरली होती. ओहोटी लागायच्या आत खाडीतून बाहेर पडायला हवं, नाहीतर लाँच गाळात बसायची. शिटी झाली. फळी काढायची वेळ आली. तेवढ्यात मास्तरचा चष्मा दारातून आत आला.

"बाई, आले का मालक?"

"न्हाय. तुमी सोडा."

"सोडा कसं? बाईमाणसाला एकटीला घेऊन जाऊ?"

"त्यास्नी येळ लागंल. सोडा म्हनते ना!"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण बाकावरच्या अकरा बायका तिच्याकडे टक लावून बघत होत्या आणि खरं सांगितलं की पुन्हा ती मेलेल्या बायकांची यादी सुरू झाली असती. आवडाबाई तोंड फिरवून पाण्याकडे बघू लागली. मास्तरनं त्यावरून ओळखलं, की बाई नवऱ्यावर रुसलीय. त्यानं लाँच हाकणाऱ्या सारंगाला हात केला. लाँच थांबली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाडीचं पाणी धक्क्याच्या दगडावरून बोटभर खाली उतरलं. पुढच्या बाजूला पुरुष तापले.

"कोण हा नवाब? बायकोला लाँचीत बसवून गेला कुठं?"

"असेल कुठंतरी ताडी ढोसत!"

"अशा माणसाला पाण्यात बुडवला पाहिजे!"

आवडाबाई ऐकत होती. पहाटेपासून पहिल्यांदाच तिच्या काळजाला जरा गारवा लागला. तिनं पान काढून तोंडात टाकलं.

इकडे मास्तरनं एका खलाशाला धक्क्यावर पिटाळलं. खलाशी अर्धं ऐकणारा आणि त्यातलं अर्धं सांगणारा होता. तो धक्काभर बोंबलत फिरला, "अरे, उरनच्या बाईचा मालक कोन हाय? बाई लाँचीत बसून ऱ्हायलीय! मालक आल्याबिगार हलत न्हाय!"

धक्क्याच्या टोकाला गुणाजी पेंढ्याची गाडी सोडत होता. पेणजवळच्या एका गावचा हा आगरी, वय चाळिशीच्या पुढे, अंगानं थोराड आणि स्वभावानं घाबरट. त्याची बायको सोनूबाई उरणजवळच्या मोऱ्याची. दिवाळीत रुसून माहेरी गेली होती. गुणाजीनं तीन निरोप धाडले, तिन्ही पाण्यात गेले. चार महिने तो स्वतःच्या हातची जळकी भाकरी खात होता. त्याच्या कानावर आलं, उरणची बाई, लाँचीत बसलीय, मालकाशिवाय हलत नाही. गुणाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं कासरा टाकला, पेंढा टाकला आणि धावत सुटला.

"मी! मी मालक!"

"या, या महाराज!" सगळी लाँच ओरडली. दोघा-तिघांनी त्याला दंडाला धरून आत ओढलं, एकानं पाठीत बुक्कीही घातली. फळी निघाली, दोर सुटला, लाँच हलली. गुणाजी वाट काढत मागच्या भागात घुसला आणि गहिवरून म्हणाला, "सोने!"

अकरा बायकांनी पदर सावरले. ही सोनी कोण म्हणून आवडाबाईनं मागे वळून पाहिलं. मागे फक्त पाणी होतं.

"तू कोन?" गुणाजी म्हणाला.

"तू कोन?" आवडाबाई म्हणाली.

"माझी बायको कुठं हाय?"

"मला काय इचारतोस? मी काय तिची राखन करते?"

एवढ्यात मास्तर आला. त्याच्या चेहऱ्यावर दोन जीव जोडल्याचं समाधान होतं. "हां. आता मालकांचं तिकीट घ्या."

"ह्यो माझा मालक न्हाय!"

"ही माझी बायको नाय!"

दोघं एका दमात ओरडली. अख्खी लाँच खो खो हसली. नवरा-बायकोशिवाय इतकं एका सुरात कोण ओरडतं?

"लाँच थांबवा!" गुणाजी म्हणाला. "माझे बैल धक्क्यावर उभे हायत!"

"आधी बायको सोडलीत, आता बैल सोडलेत," मास्तर म्हणाला. "ओहोटी लागलीय. लाँच थांबणार नाही."

कोपऱ्यात करमअली म्हणून एक म्हातारे व्यापारी आपल्या बिबीबरोबर, महेरुन्निसाबरोबर बसले होते. पांढरी दाढी, हातात माळ. "गुस्सा थुका बाय," ते समजुतीनं म्हणाले. "जोडी खुदा जमवतो. त्याचं तिकीट मी काढतो, पण दोघं गोडीनं जा." आणि खरोखरच त्यांनी गुणाजीचं तिकीट काढलं. आता बिचारा नाही म्हणायलाही मोकळा राहिला नाही.

आवडाबाईचा राग डोक्यात गेला होता. तो काढायला समोर माणूस एकच होता. "तुझी बायको म्हायेरी का गेली रं?" तिनं गुणाजीला विचारलं.

"मना काय म्हाईत? मी मारली नाय, झोडली नाय. तिच्या बहिनीचं लगीन व्हतं. ती बोलली, कवा जायाचं? मी बोललो, बघू."

आवडाबाईनं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं.

"काय बोल्लास?"

"बघू."

मग जे सुटलं, ते धरमतरच्या खाडीनं त्याआधी ऐकलं नव्हतं. "बघू! काय बघताय वो? सत्तावीस वर्सं बघताय, अजून काय दिसना व्हय? बहिनीचं लगीन, बघू! लेकीचं बाळतपन, बघू! बायको मेली तरी तिरडीपाशी उभं ऱ्हाऊन बघूच म्हनाल! येक गोष्ट मागितली, येक! सोनं मागितलं? न्हाय. जरीचं लुगडं मागितलं? न्हाय. चार दिस लेकीकडं जाऊ का इचारलं. आन् तुमी हसता? माझ्या तोंडावर हसता?"

रागाच्या भरात तिच्या 'तू'चं 'तुमी' कधी झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण लाँचीला कळलं. परक्या माणसाला इतक्या मानानं शिव्या कोणती बाई देते?

गुणाजीही चार महिने मुकाच होता. त्यालाही कंठ फुटला. "आन् तू? तू कवा नीट इचारतेस? त्वांडानं येक सबूद नाय, नुसती भांडी आपटतेस! परात आपटतेस! मानसानं काय समजायचं? परातीची भाषा काय साळंत शिकवतात?"

आवडाबाईचा उगारलेला हात खाली आला. "परात तुला कोनी सांगितली?" ती पुटपुटली.

"बघा!" मास्तर साऱ्यांकडे वळून म्हणाला. आणखी पुराव्याची गरज उरली नव्हती.

असं रेवस आलं. मधल्या वेळात आवडाबाईची तेराच्या तेरा उत्तरं खर्च झाली होती. ती बोचकं उचलून उठली, तर मास्तर फळीपाशी आडवा.

"दोघं उतरा."

"मी हिच्यासंगं उतरनार नाय," गुणाजी बाक धरून म्हणाला. "माझ्या गावचं कोन दिसलं तर? माझं लगीन मोडंल!"

"ऐकलंत? लग्न मोडायची भाषा करतोय," मास्तर म्हणाला. "मग तुम्हीही उतरायचं नाही बाई. एवढ्या रागात तुम्हाला एकटीला धक्क्यावर सोडली आणि तुम्ही खाडीत उडी घेतलीत तर? उत्तर मला द्यावं लागेल."

"मी कशाला उडी घेऊ मुडद्या? मी नातू बघाया चाललेय!"

"नातू हाय?" महेरुन्निसाबी कळवळून म्हणाल्या आणि त्यांनी आवडाबाईचा दंड धरला. हात म्हाताऱ्या माणसाचा, पण पकड खेकड्याची. "मंग तर अजाबात जाऊ नको बाय. नातवाच्या घरी असा राग घेऊन जात नाहीत. बस, पानी पी."

बाकीच्या बायकांनी लुगड्याचे सोगे धरले. आवडाबाईनं हिसडे दिले, शिव्या दिल्या, एकीच्या हाताला चावायचंही तिच्या मनात आलं. तेवढ्यात फळी निघाली. रेवस मागे गेलं. समोर मुंबईचा समुद्र मोकळा पसरला होता आणि त्यात बसून आवडाबाई रडली. ते रडू दुःखाचं नव्हतं. मारायला हाताशी काही नसलं की येतं, ते रडू होतं.

लोक मुंबई बघायला आयुष्यभर तळमळतात. आवडाबाईनं मुंबई पाहिली नाही. धक्क्यावर उतरताच ती शहराकडे पाठ करून बोचक्यावर बसली आणि दोन तास तशीच बसून राहिली. मला इथं यायचं नव्हतं, मी बघणार नाही, असा तिचा हट्ट होता. करमअलींनी जाताना चौकशी करून सांगितलं होतं, की चारला मोऱ्याची लाँच आहे, मोऱ्याहून उरण हाकेवर. आणि धरमतरची मात्र आता उद्या सकाळी. एवढं सांगून, दोघांना दुवा देऊन ते गेले.

गुणाजी पाच हातांवर उकिडवा बसला होता. समोरून हमाल, गाड्या, साहेब, पोलीस जात होते आणि दर खेपेला तो एकेक वीत आवडाबाईकडे सरकत होता.

"जेवलास काय?" तिनं खेकसून विचारलं.

"नाय."

तिनं डबा उघडला आणि दोन लाडू त्याच्या हातावर आपटले. "खा. न्हायतर तुझी बायको म्हनंल, परक्या बाईनं उपाशी मारला."

गुणाजी खाऊ लागला. खाता खाता त्याला रडू आलं. "बैल काय खातील?"

"पेंढ्याचीच गाडी हाय ना तुझी? मंग बैल तुझ्यापरीस सुखी हायत."

चार वाजायला आले तशी ती उठली. गुणाजीही उठला.

"तू कुठं?"

"आक्का," तो अगदी लहान आवाजात म्हणाला, "मना हितं येकट्याला टाकून जाऊ नका."

आवडाबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. बैलाला शिंगं धरून लोळवील असा गडी, आणि तो तिच्या बोचक्याचं टोक धरून उभा होता. तिला त्याची दया यायला हवी होती. तिला भयंकर संताप आला. पहाटेपासून साऱ्या जगानं तिला जे विचारलं, ते या धटिंगणाला एकानंही विचारलं नव्हतं!

"मोऱ्याला तुझी बायको हाय ना? चल. आता आलाच हायस तर तिला घेऊनच माघारी जा."

"ती मारंल."

"मारू दे. मी बघते."

मोऱ्याच्या लाँचीच्या खिडकीशी दुसरा मास्तर होता. प्रश्न तोच. "बाई, सोबत कोण आहे?"

"माझ्यासंगं कोन न्हाय," आवडाबाई म्हणाली आणि अंगठ्यानं मागे दाखवलं. "ह्याच्यासंगं मी हाय."

मास्तरनं गुणाजीकडे पाहिलं. गुणाजीनं मान डोलावली. दोन तिकिटं निमूट बाहेर आली.

मोऱ्याला उतरले तेव्हा उन्हं कलली होती. सोनूबाईच्या भावाचं घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं; भाऊ मिठागरावर कामाला गेला होता. गुणाजी वाटेत तीनदा थांबला. एकदा पायात काटा गेला म्हणून, एकदा तहान लागली म्हणून आणि तिसऱ्यांदा काहीच कारण न देता. तिसऱ्या वेळी आवडाबाईनं त्याला मागून ढकललं, तो थेट अंगणातच गेला.

सोनूबाई अंगणात सुकट पाखडत होती. तिनं मान वर केली. समोर नवरा. नवऱ्यामागे एक टपोरं कुंकू लावलेली, घामानं निथळलेली अनोळखी बाई, काखेत बोचकं, हातात लाडवांचा डबा. सोनूबाईच्या हातातलं सूप हळूच खाली गेलं.

"आनलीस?" ती म्हणाली. "मी जित्ती हाय तवरच दुसरी आनलीस?"

"सोने, तसं नाय. मी लाँचीवर चढलो, मना वाटलं तूच हाय—"

"ही तुला माझ्यावानी दिसली?"

"अगं बाय, माझं ऐक," आवडाबाई पुढे झाली. "मी तळ्याकडली. माझा मालक घरी हाय. मी मास्तरला सांगितलं, मालक मागून येतायत, म्हनून लाँच थांबली, म्हनून ह्याला लोकांनी आत वढला, मंग त्यांनी आमास्नी रेवसला उतरू दिलं न्हाय, म्हनून आमी ममईला गेलो—"

सांगता सांगताच तिला ऐकू आलं, की ही हकीकत किती खोटी वाटतेय. तिनं स्वतःसुद्धा तिच्यावर विश्वास ठेवला नसता.

"ममईला!" सोनूबाईचा आवाज चिरकला. "मना चवदा वर्सांत पेनची जत्रा नाय दाखवली, आन् हिला ममईला नेलास! लाडू चारतेय तुला ही?" तिला त्याच्या मिशीवर डिंकाचा कण दिसला होता.

ती तरातरा घरात गेली. आत पत्र्याची पेटी आपटल्याचा आवाज झाला. क्षणात ती बाहेर आली ती काखेत गाठोडं घेऊन. "चल! आत्ताच्या आत्ता घरी चल. माझ्या चुलीपाशी कोन बसते, मी बी बघते!"

"लाँच उद्या हाय," गुणाजी म्हणाला.

"मंग उद्यापतूर मी ह्या उंबऱ्यावर बसते. आन् तू माझ्या नजरंसमोर बस. हलायचं नाय."

ती खरंच गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली. गुणाजी तिच्या समोर बसला. चार महिन्यांच्या जळक्या भाकऱ्या त्याच्या तोंडावरून पुसल्या गेल्या होत्या आणि त्याला हसू लपवता येत नव्हतं.

आवडाबाई मात्र पेटली. जन्मात कोणाचं वाकडं ऐकून न घेतलेली बाई ती. "ए बाय," ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तोंड सांभाळून बोल. असला दाल्ला मला कोनी फुकट दिला तरी—"

सोनूबाई तिच्याकडे वळली तेवढ्यात तिच्या नजरेआडून गुणाजीनं हात जोडले. ओठावर बोट ठेवलं. मग पुन्हा हात जोडले. खरं कळलं तर ही पुन्हा गाठोडं सोडून ठेवील, असं त्याचं सगळं तोंड सांगत होतं.

आवडाबाईनं आवंढा गिळला. त्या आवंढ्याबरोबर बरंच काही गिळावं लागलं; तिचं कुंकू, तिची इभ्रत, आणि सोनूबाईला देण्यासारखी तीन नामी उत्तरं. "जाते मी," ती म्हणाली.

"जा! परत फिरकू नको!" सोनूबाई म्हणाली.

मिठागरांच्या बांधावरून ती एकटीच चालत निघाली. वाट कोणाला विचारावी लागली नाही, आणि दिवेलागणीच्या आत ती राहीच्या दारात होती. नातू तिच्या हातात दिला गेला. त्यानं डोळे किलकिले करून आजीकडे पाहिलं आणि सगळ्या ताकदीनं भोकाड पसरलं. "माझ्यावरच गेलाय," आवडाबाई म्हणाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

आठव्या दिवशी भागोजी न्यायला आला. तो एकटा आला नव्हता. सोबतीला चुलतभाऊ बाळाजी होता. बांध तसेच राहिले होते. वाटभर भागोजीनं तयारी केली होती. ती असं म्हणाली तर आपण असं म्हणायचं, ती तसं म्हणाली तर तसं. पडवीत पाय ठेवताना त्यानं बाळाजीला पुढे घातलं होतं.

आवडाबाई बाहेर आली. तिनं त्याला पाहिलं, पदर सावरला, तोंड उघडलं. आणि काहीच आलं नाही. सत्तावीस वर्षांचं सगळं तिनं लाँचीत एका परक्या माणसाला सुनावून टाकलं होतं, खडान्‌खडा. पुन्हा म्हणून बघावं तर त्यात चव उरली नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "पानी आनते."

भागोजीचा चेहरा उतरला. तिनं पाणी आणलं. मग जेवायला वाढलं, वर "मासळी ताजी हाय, अजून घ्या" असंही म्हणाली. भागोजीनं ताट तसंच बाजूला सारलं. "राही," त्यानं पोरीला एका बाजूला घेऊन विचारलं, "आईला वैद्याकडं दाखवलं काय? ही बोलत न्हाय."

"बोलते की बाबा."

"तसं न्हाय. माझ्याशी बोलत न्हाय. म्हंजे, बोलते, पन बोलत न्हाय."

दुपारभर तो पडवीत येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी त्याला राहवेना. आवडाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तिच्यासमोर तो येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "हसलो ते चुकलं माझं."

आवडाबाई काही बोलली नाही. तिच्यापाशी खरंच काही नव्हतं. पण भागोजीला ते पुरेसं वाटलं नाही.

"आन् ती तांबडी शेळी," तो पुढे म्हणाला, "तिला वाघानं न्हेली न्हवती. मीच इकली."

आवडाबाईनं नातवाला थोपटायचं थांबवलं.

"आन् परवाच्या सालच्या भाऊबीजेला तुझा भाऊ आला व्हता. गाडी घेऊन. मळणी व्हती, म्हनून तुला ताप हाय सांगून मी त्याला खळ्यावरनंच लावून दिला."

दोन वर्षं आवडाबाईनं भावाशी अबोला धरला होता. भाऊबीजेला न्यायला आला नाही, म्हणून.

तिला वाटत होतं, आता आत काही शिल्लक नाही. पण कुठंतरी, बरगड्यांच्या खाली, ओळखीची धग हळूहळू वर चढू लागली. ताजी, करकरीत. तिनं नातवाला राहीच्या हवाली केलं. बाळाजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपला शोधत तो अंगणात सटकला.

मग आवडाबाईनं पदर खोचला.